झिरो पीसीबीवर एटीमेगा३२८पी : पाच बोर्डांच्या जोडणीच्या नोंदी

८ जून

काम ठरलं : एटीमेगा३२८पी चिपचे (अर्डुइनो यूनो या तयार बोर्डावर असतो तोच मायक्रोकंट्रोलर) पाच बोर्ड सुट्या भागांतून, झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर). प्रोग्रॅम अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधूनच चढला पाहिजे. पावसाळ्यानंतर हे बोर्ड करवीर तालुक्यात विहिरीवरच्या मोटरपेटीशेजारी बसणार आहेत. म्हणजे ओल, धूळ आणि स्टार्टरचा झटका, तिन्ही रोजचे.

एका बोर्डाला लागणारं सामान : एटीमेगा३२८पी-पीयू (२८ पायांची, अरुंद), तिचा आयसी बेस, १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल (चिपला ठोका देणारं), २२ पिकोफॅरडचे दोन सिरॅमिक कॅपॅसिटर, ‘१०४’ छापलेले म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे पाच, ‘३३४’चा एक, इलेक्ट्रोलिटिक १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक आणि १० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक. ७८०५ रेग्युलेटर (वीज पाच व्होल्टवर आणणारा), १एन४००७ आणि १एन४१४८ डायोड एकेक, १० किलोओमचा एक रेझिस्टर, १ किलोओमचे दोन, दोन एलईडी, एक टॅक्ट स्विच (दाबायचं छोटं बटण), डीसी सॉकेट, बर्ग पट्टी (पिनांची ओळ) आणि एक जंपर (दोन पिना जोडणारी टोपी).

रेझिस्टर, डायोड, ७८०५, सोल्डर हे सगळं कोल्हापुरात एका फेरीत मिळालं. चिप आणि क्रिस्टल पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवले. २८ पायांचा अरुंद बेस तीनच मिळाले. उरलेल्या दोन बोर्डांना १४ पायांचे दोन-दोन बेस टोकाला टोक लावून बसवायचे. दोन्हींतलं अंतर बरोबर ०.१ इंच यावं म्हणून जोडाची कड कानशीने किंचित घासावी लागते.

झिरो पीसीबी हिरवा, ग्लास इपॉक्सीचा घ्यावा. तपकिरी कागदी बोर्ड स्वस्त पडतो, पण एकाच पॅडला तीनदा आयर्न लागलं की तांब्याचा ठिपका उचकटून वर येतो. पाच बोर्ड जोडताना एकही जोड दुसऱ्यांदा तापवावा लागणार नाही, असं होत नाही.

९ जून

कॅपॅसिटर वेगळे करून डब्यांत भरले. छापलेले आकडे वाचताना चूक होते, म्हणून इथे लिहून ठेवतो. ‘२२’ म्हणजे २२ पिकोफॅरड. ‘२२०’ म्हणजेही २२ पिकोफॅरडच, कारण शेवटचा आकडा शून्यं किती ते सांगतो. ‘२२१’ म्हणजे २२० आणि ‘२२३’ म्हणजे २२ हजार पिकोफॅरड. रेझिस्टरमध्ये तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १०. पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, तेव्हा प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच वापरायचा.

१२ जून

आराखडा आलेखाच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे एक भोक. दोन चित्रं काढली : एक वरून, एक खालून. सोल्डर खालून होतं आणि खाली पायांचे क्रमांक आरशातल्यासारखे उलटतात. एकाच चित्रावर काम केलं की ७ नंबरच्या पायाचं पाच व्होल्ट समोरच्या २२ नंबरच्या ग्राउंडला जाऊन बसतं.

यूनोच्या आकाराची नक्कल करायची नाही, हे मुद्दाम ठरवलं. यूनोच्या डिजिटल ७ आणि ८ या पिनांमध्ये ०.१ नव्हे, ०.१६ इंच अंतर आहे. झिरो पीसीबीची भोकं ०.१ इंचावर. त्यामुळे यूनोची शील्ड (वर बसवायचा जोडबोर्ड) यावर सरळ बसतच नाही. सगळ्या पिना चिपच्या दोन्ही बाजूंना ओळीत काढल्या. मोकळी बर्ग पट्टी, तारेची ओढाताण कमी.

जागा ठरवताना आधी क्रिस्टल. चिपच्या ९ आणि १० नंबरच्या पायांपासून दोन-तीन भोकांच्या आत. २२ पिकोफॅरडच्या दोन्ही कॅपॅसिटरचं ग्राउंड शेजारच्याच ८ नंबरच्या पायाला, बोर्डभर फिरवून नाही. मग ‘१०४’ची जागा : एक ७ आणि ८ च्या मध्ये, दुसरा २० आणि २२ च्या मध्ये, तिसरा २१ पासून ग्राउंडला. चिप आतून दर ठोक्याला क्षणभर प्रवाह ओढते आणि तो तिला शेजारीच मिळावा यासाठी हे कॅपॅसिटर असतात. चार इंच तारेपलीकडे बसवलेला कॅपॅसिटर नकाशात तसाच दिसतो, पण त्या क्षणाला उपयोगी पडत नाही.

२० नंबर (एव्हीसीसी) पाच व्होल्टला जोडायचाच, अ‍ॅनालॉग वापरायचं नसलं तरी. अ‍ॅनालॉग ० ते ३ या पिनांना वीज तिथूनच मिळते. २१ नंबर (एआरईएफ) मात्र पाच व्होल्टला कधीच जोडायचा नाही. प्रोग्रॅममध्ये आतला संदर्भ व्होल्टेज निवडला की तो आणि बाहेरचे पाच व्होल्ट एकमेकांना भिडतात.

१५ जून

पाचही बोर्डांवर फक्त वीजपुरवठा. चिप नाही, बेससुद्धा नाही. क्रम असा : डीसी सॉकेट, १एन४००७ सरळ रेषेत (एडॅप्टर उलटा लागला तर तिथेच अडेल), १०० मायक्रोफॅरड, ‘३३४’, ७८०५, ‘१०४’, १० मायक्रोफॅरड. छापलेली बाजू समोर धरली तर ७८०५ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ‘३३४’ आणि ‘१०४’ अगदी पायांना चिकटून, नाहीतर रेग्युलेटर स्वतःच थरथरतो आणि साध्या मीटरला ते दिसतही नाही.

डीसी सॉकेटचे पाय चपटे असतात, बोर्डाच्या १ मिमी भोकात जात नाहीत. शेजारची दोन-तीन भोकं ड्रिलने एकत्र करून फट केली. सोल्डर ६३/३७, जाडी ०.७ मिमी. ते १८३ अंशांना वितळतं, टोक ३२० ते ३५० अंशांवर. आधी पाय आणि पॅड दोन्ही तापवायचे, मग सोल्डर जोडाला लावायचं, आयर्नच्या टोकाला नाही. चांगला जोड पायाभोवती खोलगट उतार घेऊन चढतो आणि चकाकतो. पायाभोवती गोळा होऊन बसलेला, कडेला काळी रेघ दिसणारा जोड आतून सुटा असतो. ग्राउंडची जाड तार उष्णता खेचून घेते, म्हणून असे जोड तिथेच जास्त सापडतात.

मोजणी, ९ व्होल्टच्या एडॅप्टरवर : चार बोर्डांवर ४.९६ ते ५.०३ व्होल्ट. ७८०५ ला ४.८ ते ५.२ चालतं. ४ नंबरच्या बोर्डावर ७.६ व्होल्ट! रेग्युलेटरच्या मधल्या, ग्राउंडच्या पायाचा जोड सुटा होता. वरून चकाकत होता, काळी रेघ भिंगाखाली दिसली. ग्राउंड तुटलं की ७८०५ नियंत्रण सोडतो आणि आउटपुट इनपुटच्या मागे धावतं. एटीमेगा३२८पी ची सोसण्याची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आहे. बेसमध्ये चिप असती तर ती गेली असती, आणि दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसलो असतो. म्हणून आधी वीज, मग चिप. हा क्रम पाचही बोर्डांवर न चुकता पाळायचा.

एडॅप्टर ९ व्होल्टचाच का, याचं गणित. ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात, डायोडवर ०.७ जातात, म्हणजे ७.७ च्या खाली चालणार नाही. १२ व्होल्ट दिले आणि २०० मिलिअँपिअर ओढले तर रेग्युलेटरवर (११.३ − ५) × ०.२ = १.२६ वॅट जळतात. हीटसिंक नसेल तर टीओ-२२० आकाराचा ७८०५ आतून वॅटमागे सुमारे ६५ अंश तापतो, म्हणजे ८२ अंश. मे महिन्यात पत्र्याच्या बंद पेटीत ४५ अंश धरले तर बेरीज १२७, आणि मर्यादा १२५. ९ व्होल्टवर हीच बेरीज ८८ येते. जुना ट्रान्सफॉर्मरवाला एडॅप्टर असेल तर भाराशिवाय तो ९ च्या जागी १२-१३ व्होल्ट दाखवतो. छापलेल्या आकड्यावर जाऊ नये, मीटर लावावा.

१८ जून

बेस, क्रिस्टल, रिसेट, एलईडी. रिसेटला (१ नंबर) १० किलोओम पाच व्होल्टकडे, स्विच ग्राउंडकडे. टॅक्ट स्विचचे चार पाय आतून दोन-दोन जोडलेले असतात. स्विच ९० अंशांत फिरून बसला तर रिसेट कायम ग्राउंडला टेकलेला राहतो आणि बोर्ड मेल्यासारखा दिसतो. कर्णावरचे दोन पाय वापरले की कसाही बसला तरी चालतो.

१एन४१४८ रिसेटवरून पाच व्होल्टकडे, पट्टी पाच व्होल्टच्या बाजूला. पुढे संगणकाकडून आपोआप रिसेट देणारा कॅपॅसिटर लावला की प्रत्येक वेळी रिसेट पिनवर पाचाच्या वर उसळी येते. या एकाच पिनेला आतून वरच्या बाजूचा संरक्षक डायोड नाही, कारण तिच्यावर १२ व्होल्ट देऊन प्रोग्रॅमिंग करण्याची सोय ठेवली आहे. यूनोच्या आर३ वरही असा डायोड आहे.

क्रिस्टल बोर्डाला चिकटवून बसवू नये. त्याचं धातूचं अंग खालच्या पॅडना टेकतं. मध्ये जाड कागदाची चकती ठेवून सोल्डर केलं, मग चकती ओढून काढली. अर्धा मिमी फट पुरे.

चिप न घालता तपासणी : शेजारशेजारच्या पायांच्या २६ जोड्यांवर बीप. ७-८ च्या जोडीवर कॅपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर बीप येऊन थांबते, ते चालतं. मग वीज देऊन ८ नंबरला काळी प्रोब. ७ आणि २० वर पाच व्होल्ट, १ वर पाच, २२ वर शून्य, २१ वर पाच नाही. २ नंबरच्या बोर्डावर १६-१७ मध्ये सोल्डरचा केसाएवढा पूल निघाला. आयर्नचं टोक पुसून दोन पायांमधून एकदा ओढलं, गेला.

२२ जून

चिपा बसवल्या. नव्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून दोन्ही ओळी थोड्या आत वळवाव्या लागतात. जोर करून दाबली की एखादा पाय पोटाखाली दुमडतो आणि वरून सगळं ठीक दिसतं.

प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम लिहिणारं उपकरण) यूएसबीएएसपी. त्याची पट्टी दहा पिनांची, बोर्डावरची सहा पिनांची, म्हणून मधली जोडतार बनवली. सहा पिनांचा क्रम : मिसो, पाच व्होल्ट, एससीके, मोसी, रिसेट, ग्राउंड. मोसी आणि मिसो या माहिती जाण्या-येण्याच्या तारा, एससीके त्यांचा ठोका. चिपवर मोसी १७, मिसो १८, एससीके १९. प्रोग्रॅमर स्वतः पाच व्होल्ट देतो. तेव्हा बोर्डावरचा वीज निवडायचा जंपर काढून ठेवायचा, नाहीतर ७८०५ मध्ये उलटा प्रवाह शिरतो.

पहिल्या प्रयत्नात एकही चिप ओळख देईना. बिघाड नव्हता. कारखान्यातून येताना चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर, त्यालाही आठाने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते. एससीके चा वेग चिपच्या वेगाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत, आणि यूएसबीएएसपी मुळात ३७५ वर बोलतो. प्रोग्रॅमरवरचा मंद गतीचा जंपर लावला आणि चार चिपांनी ओळख दिली : १ई ९५ ०एफ. ‘एससीके पिरिअड सेट करता येत नाही’ अशी सूचना येते, ती जुन्या फर्मवेअरची. जंपर लावलेला असेल तर दुर्लक्ष करावं.

पाचव्या चिपची ओळख १ई ९५ १४. ही साधी एटीमेगा३२८, ‘पी’ नसलेली. चालते उत्तम, पण सॉफ्टवेअर ‘पी’ची अपेक्षा करतं आणि नकार देतं. एव्हीआरड्यूडमध्ये (संगणकावरून चिप लिहिणारा प्रोग्रॅम) चिपचं नाव ‘एम३२८’ दिलं की काम होतं.

फ्यूज (विजेचे नव्हेत, चिपच्या सेटिंगचे बिट) यूनोसारखे : लो एफएफ, हाय डीई, एक्स्टेंडेड एफडी. एफडी मुळे वीज २.७ व्होल्टच्या खाली घसरली की चिप स्वतः रिसेटमध्ये जाऊन बसते. पंपाजवळ हे हवंच. एक्स्टेंडेड फ्यूज परत वाचताना काही आवृत्त्या ०५ दाखवतात. वरचे पाच बिट वापरातच नाहीत, त्यामुळे अर्थ तोच. मग ५१२ बाइटचा ऑप्टिबूट (सिरियलवरून प्रोग्रॅम घेणारा छोटा बूटलोडर) चढवला.

२३ जून

३ नंबरचा बोर्ड फ्यूज लिहिल्यानंतर गप्प झाला. आता ओळखही देत नाही. फ्यूजने चिपला बाहेरच्या क्रिस्टलवर चालायला सांगितलं, आणि क्रिस्टल चालू होत नसेल तर प्रोग्रॅमरशी बोलायलाही चिपकडे ठोका नाही. चिप जळालेली नाही, फक्त तिचं घड्याळ थांबलंय.

उपाय : एका यूनोवर टायमर १ लावून त्याच्या ९ नंबरच्या पिनेवर ८ मेगाहर्ट्झचा चौकोनी ठोका काढला. तो चिपच्या ९ नंबरच्या पायाला दिला, दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एक केलं. चिप लगेच बोलली.

दोष कॅपॅसिटरमध्ये होता. वेगळे करूनही ‘२२१’चे दोन त्या डब्यात राहिले होते. दहापट भार टाकल्यावर क्रिस्टल हलतच नाही. बदलले, बोर्ड चालू.

एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असा प्रोग्रॅम पाचहींवर टाकला. स्कोप नसताना घड्याळ तपासायचा हा सोपा मार्ग. एका सेकंदाऐवजी १६ सेकंद लागले तर फ्यूज लिहिलेच गेले नाहीत. ८ सेकंद लागले तर क्रिस्टल चालतंय पण आठाने भागणारा फ्यूज राहिलाय. मीटरची प्रोब क्रिस्टलच्या पायाला लावू नये, तिच्या भारानेच ठोका थांबू शकतो.

२८ जून

सिरियल. संगणकाच्या यूएसबीला लागणाऱ्या सिरियल मॉड्यूलचा टीएक्सडी (पाठवणारी पिन) चिपच्या २ नंबरला, आरएक्सडी (घेणारी) ३ नंबरला, उलटसुलट. डीटीआर (संगणकाकडून आपोआप रिसेट देणारी पिन) मधून ‘१०४’ घेऊन रिसेटला. ‘नॉट इन सिंक’ आलं तर आधी हे तीन तपासायचे, त्यानंतरच बाकी.

सीपी२१०२ ची दोन मॉड्यूल अशी निघाली की त्यांच्यावर डीटीआर ची पिनच नाही, ‘आरएसटी’ आहे. ती त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या चिपची रिसेट आहे, आपल्या कामाची नाही. डीटीआर चिपच्या २८ नंबरच्या पायावर आहे आणि तिथे तार लावायला बारीक टोक आणि स्थिर हात लागतो. एका मॉड्यूलवर लावली. दुसऱ्यासाठी ‘अपलोड’ दाबून योग्य क्षणी हाताने रिसेट सोडायचा. जमतं, पण रोजच्या कामाला त्रासाचं. घेतानाच डीटीआर पाहून घ्यावी.

३ जुलै

तीन दिवस संततधार. खिडकीतून ओल आत येते, कागद मऊ पडलेत. १ आणि ४ नंबरचे बोर्ड सकाळी वीज दिल्यावर सुरू झाले नाहीत, दुपारी झाले.

जोडांभोवतीची राळ (सोल्डर करताना उरणारा फ्लक्स) अजून पुसलेली नव्हती. बोटाला चिकट लागते, आणि तो चिकटपणा हवेतली ओल धरून ठेवतो. चिप काढून ९ नंबरचा पॅड आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजलं : १ नंबरवर ११ मेगाओम, ४ नंबरवर ७. तिथे मीटरने काहीच दाखवायला नको. क्रिस्टलच्या पायांचा रोध मुळात फार मोठा असतो. त्यामुळे एवढी गळतीही क्रिस्टलला सुरू होताना अडवू शकते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. एकदा घासून सोडलं की राळ विरघळून पातळ थराने सगळीकडे पसरते आणि आधीपेक्षा वाईट होतं. घासायचं, लगेच कापडाने टिपायचं, स्वच्छ अल्कोहोलने पुन्हा घासायचं, पुन्हा टिपायचं. ६० वॅटच्या बल्बखाली अर्धा तास. नंतर दोन्हीवर मीटर कोरा. कोरड्या हवेतला बोर्ड एकवेळ न पुसता चालेल, पण कोल्हापूरच्या जुलैत नाही.

पाचहींचा लो फ्यूज एफएफ वरून एफ७ केला. यात क्रिस्टल पूर्ण जोराने हलवलं जातं. वीज किंचित जास्त जाते, पण लांब तारांच्या, गोंगाटाच्या जागी हेच योग्य. ही सोय ३२८पी मध्ये आहे, ३२८पीबी मध्ये नाही.

५ जुलै

पाचही बोर्ड सकाळच्या ओलीत सुरू. एलईडीसकट २० मिलिअँपिअरच्या आसपास.

९ जुलै

रिले आणि स्टार्टरची चाचणी. ५ व्होल्टचा साखरेच्या वडीएवढा रिले, कॉइल ७० ओम, म्हणजे ७१ मिलिअँपिअर. चिपच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४०, थेट जोडायचा नाही. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेस या पायाला १ किलोओम, कॉइलवर १एन४००७ उलटा, पट्टी पाच व्होल्टकडे. हा डायोड विसरला तर कॉइल सुटताना येणारी उसळी ट्रान्झिस्टरच्या ४५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे सहज जाते.

शेजारी २३० व्होल्टच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) वीस वेळा चालू-बंद केला. पाचपैकी दोन बोर्ड मधूनच रिसेट झाले, दरवेळी कॉन्टॅक्टर सुटताना, बसताना नाही. दोन्हींमध्ये रिसेटच्या स्विचला १५ सेंटिमीटरची लोंबती तार होती, तीच अँटेना. तार काढून स्विच बोर्डावर घेतला, दोनपैकी एक शांत झाला. दुसऱ्यासाठी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड (एक्स२ प्रकारचा, २७५ व्होल्ट एसी) ही जोडी एकामागे एक लावून समांतर टाकली. मग वीसपैकी वीस वेळा ठीक.

रिसेटपासून ग्राउंडला ‘१०४’ लावावा असा सल्ला पुष्कळ जण देतात. इथे तो चालत नाही. डीटीआर चा ‘१०४’ आणि हा मिळून उसळी अर्ध्यावर येते, रिसेट पुरेसा खाली जात नाही आणि अपलोड अडतं. तो लावायचाच तर शेतात जाणाऱ्या बोर्डावर, डीटीआर चा कॅपॅसिटर काढल्यावर.

मोटरपेटीत बऱ्याच ठिकाणी कॉइल ४१५ व्होल्टची असते. तिथे २७५ व्होल्टचा कॅपॅसिटर लावणं धोक्याचं आहे. आधी कॉइलवरचा आकडा वाचायचा, आणि पेटीत हात घालायचं काम परवाना असलेल्या वायरमनचं.

१४ जुलै

१, २ आणि ५ नंबरला अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात, मध्ये एक तास. बेस, बर्ग पट्ट्या आणि डीसी सॉकेट आधी कागदी टेपने झाकले. आत शिरलेलं कोटिंग पिनेवर बसलं की संपर्कच होत नाही. ३ नंबरचे जोड पुन्हा एकदा भिंगाखाली पाहायचे आहेत. ४ नंबरचा ७८०५ बदलून नवा टाकायचा : जोड आता ठीक आहे, पण भाराखाली आउटपुट ४.८३ पर्यंत उतरतंय.